शिक्षक घडतो कुठे?

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या सुळक्याच्या अलीकडे शिरढोण गाव लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मग्राम. ४ नोव्हेंबर १८४५ हा त्यांचा जन्मदिवस आणि १७ फेब्रुवारी १८८३ हा एडनच्या बंदिवासातील त्यांचा अंतिम दिवस पनवेल परिसरातील अनेकांना मुखोद्गत असतो. रामोशी, कोळी, भिल्लांना संघटित करून इंग्रजी सत्तेला आव्हान देणाऱ्या या पुरुषाने पुण्यात शाळाही उभी केली होती, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. लष्करी हिशेब खात्यातील नोकरी सांभाळत वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासमवेत त्यांनी 'पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन'च्या उभारणीत भाग घेतला. तीच संस्था पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून नावारूपाला आली. देश उभा करावयाचा तर माणूस घडवावा लागतो आणि माणूस घडवावयाचा तर वर्गात उभे राहावे लागते, ही त्या पिढीची सरळ समजूत होती. चिपळूणकर, टिळक, आगरकरांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेही याच समजुतीतून.

या थोरांपैकी कोणाकडेही अध्यापनाची पदवी नव्हती, असे सांगून काही मंडळी प्रशिक्षणाचीच थट्टा करतात. ती थट्टा अस्थानी आहे. सावित्रीबाई फुले यांनी वर्गात पाऊल टाकण्यासाठी अहमदनगरला फरारबाईंकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ पासून आणि पुण्याचे टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ पासून शिक्षक घडवीत आले. 'बी.ए., बी.टी.' ही अक्षरे दारावरच्या पाटीवर असलेल्या गुरुजींना गाव मान देत असे तो उगाच नव्हे. ध्येयवाद ही शिक्षकाची पहिली पात्रता खरीच; पण पंचेचाळीस मुलांच्या वर्गात समीकरण कसे उलगडावे, हे ध्येयवाद शिकवीत नाही. ते कोणाच्या तरी नजरेखाली, चुकत-माकत शिकावे लागते. आज प्रश्न उभा राहतो तो याच जागी.

पनवेल हे या प्रश्नाचा विचार करण्यास उत्तम गाव आहे. १८५२ मध्ये येथे नगरपालिका आली, १९७० नंतर सिडकोची वसाहत आली, १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटनही झाले. खारघर-कामोठ्यापासून कळंबोली-तळोज्यापर्यंत इमारतींबरोबर शाळा उभ्या राहिल्या. राज्य मंडळ, केंद्रीय मंडळ, आणखी कुठले परदेशी मंडळ, असे फलक एकाच रस्त्यावर दिसतात. या सर्व शाळांना सहावी ते दहावीच्या वर्गांसाठी शिक्षक हवे असतात आणि ते येतात बी.एड. महाविद्यालयांतून. न्यू पनवेलमध्येच पिल्लई शिक्षण व संशोधन महाविद्यालय आहे, रेल्वेने तासाभराच्या अंतरावर मुंबईतील जुनी महाविद्यालयेही आहेत. तेव्हा पनवेलच्या तरुणाला शिक्षक व्हावयाचे असेल तर सोयींची वानवा नाही. पुढे जे विवेचन येते ते कोणा एका महाविद्यालयाचे गाऱ्हाणे नव्हे. महाराष्ट्रभर रुळलेल्या एका व्यवस्थेचे आहे.

या वर्गात कोण येते, ते आधी पाहावे. जमीन सिडकोला गेलेल्या आगरी घरातील पहिली पदवीधर मुलगी येते. खारघरमधील सदनिकेत राहणारी, मुले शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणारी गृहिणी येते. रायगडच्या आतल्या तालुक्यांतून पनवेलला खोली घेऊन राहणारा विज्ञानाचा पदवीधर येतो. आणि अभियांत्रिकीला क्रमांक लागला नाही म्हणून आलेलेही काही असतात. मध्यमवर्गीय घरांत 'काही नाही तर बी.एड. तरी करून ठेव' हे वाक्य मुलीला किती सहजपणे ऐकविले जाते! ज्या व्यवसायाविषयी घरातच 'काही नाही तर' असे बोलले जाते, त्या व्यवसायात तेजस्वी माणसे यावीत ही अपेक्षा त्याच घराने कोणत्या तोंडाने करावी? गुरुपौर्णिमेला शिक्षकाच्या पायाशी वाकणारा समाज आपल्या हुशार मुलाला शिक्षक होऊ देत नाही, ही विसंगती पनवेलपुरती नाही, पण पनवेलमध्ये ती लख्ख दिसते.

पाठ आणि टाचण

बी.एड. हा पूर्वी एका वर्षाचा अभ्यासक्रम होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला. या बदलामागे न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल होता आणि तो आयोग सर्वोच्च न्यायालयाने नेमला होता महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका वादामुळे. राज्यातील २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा तो वाद होता आणि तपासणीत त्यांतील बहुसंख्य विद्यालये अपात्र ठरली. २००० नंतरच्या दशकात डी.एड. विद्यालयांची जी खिरापत राज्यात वाटली गेली, तिचे हे फलित. पुढे नोकऱ्या आटल्या आणि त्यांतील कित्येकांच्या जागा रिकाम्या राहिल्या, ते वेगळेच.

नियमावलीत मात्र विचार दिसतो. पन्नास विद्यार्थ्यांची एक तुकडी, वर्षाला किमान दोनशे दिवस काम, आणि मुख्य म्हणजे दोन वर्षांत मिळून वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत : पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. या काळात ९० टक्के उपस्थिती बंधनकारक. वैद्यकीय पदवीधराला जशी वर्षभराची आंतरवासिता, सनदी लेखापालाला जशी आर्टिकलशिप, तशी शिक्षकाला ही शालेय आंतरवासिता. कल्पना निर्दोष आहे. पण रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरच्या पाठीशी ज्येष्ठ डॉक्टर उभा असतो आणि रुग्णाचे बरे-वाईट झाले तर दोघांनाही उत्तर द्यावे लागते. शाळेत शिकाऊ शिक्षकाच्या पाठीशी कोण असते?

जून-जुलैमध्ये महाविद्यालयाचे पत्र शाळेत येते. मुख्याध्यापक ते वाचून सुस्कारा टाकतात, कारण आठ-दहा छात्राध्यापक एकदम येणार, त्यांना बसावयास जागा हवी आणि घटक चाचणी तोंडावर. ज्यांचा तास घ्यावयाचा ते शिक्षक मनातून सुखावतात. त्यांना तपासणीच्या वह्यांसाठी मोकळा वेळ मिळतो. ते शिक्षक-दालनात जातात, छात्राध्यापक वर्गात. महाविद्यालयाचे प्राध्यापक अधूनमधून येऊन मागच्या बाकावर बसतात, निरीक्षण वहीत 'फलकलेखन सुधारावे, आवाज वाढवावा' असे दोन शेरे देतात आणि पुढच्या वर्गाकडे वळतात. त्यांच्याही माथी अनेक पाठ, अनेक शाळा. मुलांनाही हे नाटक पाठ झालेले असते. मागे कोणी अनोळखी व्यक्ती वही घेऊन बसली की एरवीचा गलका थांबतो, बोटे वर होतात आणि आधी सांगून ठेवलेली उत्तरे शिस्तीत बाहेर येतात. पाठ 'छान' होतो. परीक्षक गेल्यावर तीच तुकडी त्या छात्राध्यापिकेला दहा मिनिटांत रडकुंडीला आणते. खरे शिक्षण त्या दहा मिनिटांत असते आणि त्या वेळी तिच्याजवळ कोणीही नसते.

मग तिचा जीव कशात जातो? टाचणात. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन, गृहपाठ हे हर्बार्टच्या पायऱ्यांवरून आलेले रकाने सुवाच्य अक्षरांत भरावयाचे. सूक्ष्म अध्यापनाची वही वेगळी, सेतुपाठाची वेगळी, कृतिसंशोधनाचा अहवाल वेगळा, आंतरवासितेची दैनंदिनी वेगळी. बाजारात तयार तक्ते मिळतात, तयार अहवालही मिळतात. पाठाचे नियोजन करू नये असे कोणी म्हणणार नाही. उत्तम शिक्षक तीस वर्षांच्या अनुभवानंतरही टाचण काढूनच वर्गात जातो. पण त्याचे टाचण वर्गातील चेहऱ्यांकडे पाहून बदलते. येथे चेहरे बदलले तरी टाचण बदलत नाही, कारण गुण टाचणाला आहेत.

याचे एक उदाहरण शिरढोणच्या अनुषंगानेच घेता येईल. राज्य मंडळाच्या आठवीच्या इतिहासात सशस्त्र क्रांतिकारकांचा पाठ आहे आणि त्यात वासुदेव बळवंत आहेत. पनवेलमधील छात्राध्यापिका हा पाठ कसा घेईल? फडक्यांचे चित्र दुकानातून आणलेल्या तक्त्यावर चिकटवून, 'आद्य क्रांतिकारक कोणास म्हणतात?' हा प्रश्न विचारून आणि उत्तर फळ्यावर लिहून. पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, तिला परकी असलेली शाळा, नसलेली ओळख. यापलीकडे तिने काय करावे? तिला सोळा आठवडे एकच तुकडी आणि पाठीशी एक जाणता शिक्षक मिळाला असता, तर 'कारकुनी करणाऱ्या माणसाला बंड का करावेसे वाटले?' हा प्रश्न तिने मुलांपुढे ठेवला असता. १८७६-७७ च्या दुष्काळाकडे वर्ग वळला असता. कोणी तरी मुलाने गावचा संदर्भ सांगितला असता. इतिहास शिकविणे म्हणजे हे, आणि ते टाचणाच्या रकान्यात मावत नाही.

चाचण्यांची रांग

पदवी हाती आली की दुसरा अध्याय सुरू होतो. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर, दीडशे गुणांचा. राज्यात ही परीक्षा प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोनशे गुणांची, आणि तिच्या गुणांवर 'पवित्र' प्रणालीतून निवड. संस्थाचालकांच्या मर्जीवर आणि त्याहून वाईट गोष्टींवर चालणारी भरती मोडून काढण्यासाठी ही प्रणाली आली, आणि तो हेतू स्तुत्यच होता. शिफारस आणि थैली यांशिवाय गरिबाघरचा गुणी उमेदवार शिक्षक होऊ शकतो, हे तिने दाखविले. पण ही चाचणी झाली कधी? पहिली डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. २०१८ मध्ये बी.एड. झालेल्या तरुणाने दुसऱ्या चाचणीसाठी जवळपास पाच वर्षे वाट पाहिली. एवढ्या काळात माणूस विम्याची कामे करू लागतो, शिकवणी वर्गात रुळतो किंवा लग्न होऊन संसारात गुरफटतो. पात्रता परीक्षेची अब्रूही २०१९-२० च्या गैरव्यवहाराने गेली. डिसेंबर २०२१ मध्ये परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढे सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. मुलांना 'कॉपी करू नका' असे सांगण्यासाठी निघालेली ही मंडळी!

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्यांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावे, असा तो निर्णय. त्यावर शिक्षकांत खळबळ उडणे स्वाभाविक होते. निर्णयाचा आदर राखूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. या साऱ्या चाचण्यांत पर्यायांपुढील वर्तुळ रंगवावयाचे किंवा संगणकावर खूण करावयाची असते. मुलाखतीचा पर्याय घेणाऱ्या खासगी संस्थांचा अपवाद वगळता, उमेदवार वर्गात कसा उभा राहतो हे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर कोणी पाहत नाही. महाविद्यालय म्हणते, शाळेत शिकतील; शाळा म्हणते, महाविद्यालयाने शिकविले असेल; शासन म्हणते, चाचणीत दिसले.

आणि नोकरी लागल्यावर? पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक'. २००० साली आलेल्या या योजनेत माध्यमिक शाळेतील सेवकाला २०२२ पर्यंत महिन्याला ८ हजार रुपये मिळत. १ जानेवारी २०२३ पासून ते १८ हजार झाले. वाढ मोठी, पण पनवेलमध्ये घरभाडे देऊन या रकमेत उरते किती, याचा हिशेब प्रत्येक कुटुंबाला करता येईल. विनाअनुदानित शाळांतील स्थिती कित्येक ठिकाणी याहून बिकट आहे. वातानुकूलित वर्गांची जाहिरात करणाऱ्या शाळेत प्रवेश घेताना पालक बसचा मार्ग विचारतात, जलतरण तलाव विचारतात. 'आपल्या शिक्षकांना आपण वेतन किती देता?' हे विचारणारा पालक विरळा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्म अभ्यासक्रम ही किमान पात्रता करण्याचे ठरविले आणि २०२३-२४ पासून निवडक संस्थांत तो सुरूही झाला. २०२५ च्या मसुदा नियमावलीने चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी पुन्हा एका वर्षाचे बी.एड. पुढे आणले. एकात्म अभ्यासक्रमाची कल्पना स्वागतार्ह आहे. बारावीनंतरच ठरवून, 'काही नाही तर' म्हणून नव्हे, शिक्षक व्हावयास येणारा तरुण तीतून मिळेल. मात्र ही कल्पना नवी नाही. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील प्रादेशिक महाविद्यालयांत ती १९६३ पासूनच आकार घेत होती. तिचा विस्तार साठ वर्षे का झाला नाही, हे धोरणकर्त्यांनी स्वतःला विचारावे. एक वर्ष, दोन वर्षे, चार वर्षे हा वाद लांबीचा आहे. शाळेतील ते आठवडे पोकळ राहिले तर अभ्यासक्रम दहा वर्षांचा केला तरी व्यर्थ.

हे आठवडे भरीव करणे पनवेलला अवघड नाही. एका तालुक्यात किती प्रकारची शाळा आहे पाहा. शहरात जुन्या, तीन-तीन पिढ्यांना शिकविलेल्या मराठी शाळा आहेत. वसाहतींत इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, जेथे वर्गातील मुलांच्या मातृभाषा सात-आठ असतात. आणि नेऱ्यावरून धोदाणीकडे, माथेरानच्या पायथ्याशी जाणाऱ्या रस्त्याने ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या लागतात, जेथे सातवी-आठवीत मूल शाळेतून निसटू नये हीच शिक्षकाची पहिली लढाई असते. भावी शिक्षकाने सोळा आठवड्यांतील काही काळ वाडीवरच्या मुलांना शिकविणाऱ्या शाळेत घालविलाच पाहिजे. ज्या मुलीने पावसाळ्यात चिखल तुडवत येणाऱ्या मुलांना अपूर्णांक शिकविले, ती खारघरच्या मुलांनाही शिकवू शकेल. उलट घडेलच असे नाही.

फिनलंडने १९७९ पासून शिक्षकांना पदव्युत्तर पदवी सक्तीची केली, हे आपल्याकडील परिसंवादांत नेहमी सांगितले जाते. तेथील विद्यापीठांना स्वतःच्या सराव शाळा जोडलेल्या असतात आणि तेथील शिक्षकांचे अधिकृत कामच छात्रांना घडविण्याचे असते, ही दुसरी बाजू सांगितली जात नाही. आपल्याकडे पखवाज असाच शिकला जातो, कीर्तनही असेच. गुरूच्या मागे उभे राहून टाळ धरण्यात काही वर्षे जातात, मग कधी तरी पूर्वरंग वाट्याला येतो. ही रीत जगाकडून उसनी आणावी लागत नाही, बी.एड.च्या वर्गात गुरु-शिष्य परंपरेवर दहा गुणांचा प्रश्न असतोच.

तेव्हा छात्राध्यापकाला शाळेच्या हवाली न करता एका शिक्षकाच्या हवाली करावे. पूर्ण कालावधी एकच ज्येष्ठ शिक्षक, त्याचीच तुकडी. पहिले दोन आठवडे केवळ पाहणे, मग वह्या तपासणे, मग अर्धी तासिका, मग पूर्ण. ज्येष्ठाने वर्गात बसावयाचे, शिक्षक-दालनात नव्हे. आंतरवासितेचे निम्मे गुण त्याच्या हाती द्यावेत आणि त्या सत्रात त्याच्या तासिका कमी कराव्यात, मानधनही द्यावे. निवृत्त शिक्षक पनवेलमध्ये घरोघरी आहेत. रिक्त जागा भरण्यासाठी २० हजार रुपये मानधनावर निवृत्तांना बोलाविण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतलाच होता. त्यांतील काहींना जागा भरण्याऐवजी माणसे घडविण्याचे काम दिले असते तर तो पैसा अधिक सत्कारणी लागला असता.

यावर पालक म्हणतील, आमच्या मुलांवर प्रयोग नकोत. आक्षेप समजण्यासारखा आहे. पण आज होतो तोच खरा प्रयोग, कारण आज नवखा शिक्षक एकटा असतो. मुख्याध्यापकांचा आक्षेप त्याहून वजनदार आहे. मतदार याद्या, निवडणुका, जनगणना, रोज मागविली जाणारी ऑनलाइन माहिती यांतून ज्येष्ठ शिक्षकाला स्वतःच्या वर्गासाठीच वेळ उरत नाही, तो छात्राला काय देणार? याचे उत्तर मुख्याध्यापकांजवळ नाही, ते मंत्रालयात आहे. शिक्षक संघटनांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी जेवढा आवाज उठविला, त्याच्या एक दशांश जरी यासाठी उठविला, तर मंत्रालयाला ऐकावे लागेल.

संस्थाचालक आणि पालक संघ यांना मात्र मंत्रालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. एखाद्या शाळेने येत्या जूनमध्ये दोनच छात्राध्यापक मागून घ्यावेत, दोन उत्तम शिक्षकांच्या हाती सोपवावेत आणि महाविद्यालयाला तसे लेखी कळवावे. त्याला कोणताही नियम आड येत नाही. आठवीचा तो क्रांतिकारकांचा पाठ त्यांच्याकडेच द्यावा आणि त्या दिवशी तुकडीला शाळेच्या बसने नेऊ द्यावे. पनवेलहून शिरढोणला पोहोचावयास अर्धा तासही लागत नाही.